दव, धूळ आणि रिव्हर्सची पीं-पीं

सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेलं सर्वांत कमी तापमान आहे ७.४ अंश सेल्सिअस. तारीख २२ जानेवारी १९६२. त्यानंतर साठ वर्षं उलटली, तरी मुंबईने हा विक्रम मोडायचं मनावर घेतलेलं नाही. इथे पारा पंधरा-सोळावर आला की लोकलच्या डब्यात कानटोप्या दिसू लागतात आणि माणसं एकमेकांना ‘काय गारठा पडलाय!’ म्हणून खुशीत सांगतात. अशा शहरात थंडीमुळे गाडीचे पार्किंग सेन्सर वेड्यासारखे वागतात, असं कोणी म्हणालं तर हसू येणारच. तरी डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मुलुंड किंवा बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीत उघड्यावर लावलेली गाडी बाहेर काढताना पाहा. रिव्हर्स टाकला की मागे काहीही नसताना सेन्सर ठणाणा करू लागतो. कधी याच्या उलट होतं, म्हणजे मागे खांब असतो आणि सेन्सर गप्प बसतो.

थंडीवर आळ घेण्याआधी हा सेन्सर काम कसं करतो ते पाहू. पुढची सगळी उकल त्यातच आहे.

मागच्या बंपरवर रुपयाच्या नाण्याएवढ्या, गाडीच्याच रंगात रंगवलेल्या दोन, तीन किंवा चार टिकल्या दिसतात. प्रत्येक टिकलीमागे एक पातळ पडदा असतो आणि पडद्याला चिकटवलेली सिरॅमिकची चकती. चकतीला विजेचा झटका दिला की ती थरथरते, आणि बाहेरून तिच्यावर थरथर आली की ती वीज निर्माण करते. काही पदार्थांचा हा गुण ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली फ्रान्समध्ये शोधला. पहिल्या महायुद्धात त्याच देशातल्या पॉल लांजव्हँ यांनी पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकण्यासाठी त्याचा वापर केला. तीच युक्ती आता आपल्या हॅचबॅकच्या बंपरमध्ये बसली आहे. सेन्सर सेकंदाला चाळीस-पन्नास हजार कंपनांचा आवाज बाहेर फेकतो. आपला कान वीस हजारांपर्यंतच पोचतो, त्यामुळे हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. समोरच्या वस्तूवर आपटून तो परत आला की जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढलं जातं. भिंत एक मीटरवर असेल तर आवाजाला दोन मीटरचा प्रवास करावा लागतो, आणि त्याला साधारण ५.८ मिलिसेकंद लागतात.

बोरिवलीकरांच्या शेजारीच हे तंत्र फार जुन्या काळापासून चालू आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली, कान्हेरीच्या लेण्यांच्या अंधारात उडणारी वटवाघळं असेच आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी ऐकून वाट काढतात. वटवाघळांच्या या न ऐकू येणाऱ्या आवाजांचा छडा अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांनी १९३८च्या सुमारास लावला. वटवाघूळ मात्र आपल्या सेन्सरपेक्षा पुष्कळ हुशार. ते उडताउडता आवाजाची ठेवण बदलतं, मान वळवतं, शंका आली की पुन्हा विचारतं. आपला सेन्सर एका जागी खिळलेला असतो. त्याला फक्त ‘किती लांब?’ एवढंच विचारता येतं.

आता थंडीचा हिशेब. हवा थंड झाली की आवाज सावकाश जातो. शून्य अंशाला त्याचा वेग सेकंदाला ३३१ मीटर असतो, आणि प्रत्येक अंशामागे तो साधारण ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे वीस अंशाला ३४३, आणि १९६२ च्या त्या ऐतिहासिक सकाळी सांताक्रूझला सुमारे ३३६. समजा, गाडीने तापमान लक्षातच घेतलं नाही आणि ३४३ धरूनच गणित केलं. मग त्या सकाळी एक मीटरवरची भिंत तिला १ मीटर २ सेंटिमीटरवर वाटली असती. चूक दोन सेंटिमीटरची, तीही मुंबईच्या सर्वांत थंड दिवशी! उन्हाळ्यात पस्तीस अंशाला ही चूक साधारण तेवढीच, पण उलट दिशेने होते. इतक्या फरकाने बंपर फुटत नाही, आणि बऱ्याच गाड्या बाहेरचं तापमान मोजून तोही दुरुस्त करून घेतात. हवेतला ओलावा आवाज थोडा शोषतो, पण दीड-दोन मीटरच्या पल्ल्यात त्याचा उपद्रव नगण्य आहे.

थंडी निर्दोष सुटली. खरे आरोपी तिच्यासोबत येणारे दोघे आहेत, दव आणि धूळ.

ऑक्टोबरात पाऊस परतला की उपनगरांचं आकाश निरभ्र होतं. वारे उत्तरेकडून, जमिनीवरून वाहू लागतात. रात्री जमीन लवकर निवते, जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वरची तुलनेने उबदार राहते, आणि खालची हवा वर जायला तयार होत नाही. तिच्यातली धूळही तिथेच घुटमळते. पावसाळ्यात हीच धूळ रोज धुतली जाते, म्हणून जुलैत चिखल असतो पण धूळ नसते. हिवाळ्यात धुणारं कोणी नसतं. आणि धूळ पुरवणारे मात्र भरपूर. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपरमधून जाणाऱ्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो ४ चं काम, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम, गल्लोगल्ली रस्त्यांचं काँक्रिटीकरण, आणि दर दोन इमारतींआड एक पुनर्विकास. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा इतकी बिघडली की महापालिकेला बांधकामांसाठी २७ कलमी नियमावली काढावी लागली. एक एकरापेक्षा मोठ्या जागेभोवती ३५ फूट उंच पत्रे, लहान जागेभोवती २५ फूट, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुणं, पाण्याचे फवारे, सगळं त्यात आहे. अंमलबजावणी किती झाली हे ज्याने-त्याने आपल्या गाडीच्या बॉनेटवर बोट फिरवून ठरवावं.

दवाचं गणित थोडं गमतीचं आहे. उघड्यावरची गाडी रात्रभर आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकत राहते, आणि पहाटेपर्यंत तिचा पृष्ठभाग आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो. मग हवेतला ओलावा त्यावर थेंबाथेंबाने जमतो. इमारतीच्या पोटात, स्टिल्टखाली उभ्या गाडीच्या डोक्यावर आकाश नसतं, छप्पर असतं. म्हणून ती कोरडी राहते. एकाच सोसायटीत एकाची गाडी बोंबलते आणि दुसऱ्याची मुकाट निघून जाते, त्याचं कारण हेच. डोंगर-झाडांच्या कुशीतल्या जागांना, म्हणजे आरे, बोरिवली पूर्व, मुलुंडच्या डोंगराकडच्या बाजूला, दव जास्त पडतं. तिथल्या पहाटा कुलाब्यापेक्षा चांगल्याच गार असतात.

नुसती कोरडी धूळ सेन्सरला फारशी जाचत नाही, आणि नुसतं दवही ऊन वर येताच उडून जातं. दोघांची युती घातक. रात्री दव धुळीला भिजवतं, सकाळी ऊन तिला वाळवतं, दुसऱ्या रात्री त्यावर नवा थर. आणि ही साधी माती असती तर ठीक, पण उपनगरी धुळीत सिमेंट असतं. सिमेंटला पाणी मिळालं की ते काय करतं हे सांगायला नको. चार-पाच आठवड्यांनी बंपरवर राखाडी, खरबरीत साय धरते. एकदा सकाळी गाडीच्या मागे उकिडवं बसून सेन्सरकडे जवळून बघा. पडदा आणि त्याभोवतीची कडी यांच्यामध्ये केसाएवढी गोल फट असते, आणि आत रबराची रिंग. पडद्याची थरथर बंपरमध्ये झिरपू नये म्हणून ती ठेवलेली असते. ही साय नेमकी त्या फटीत भरते आणि कडक होते.

आता काय बिघडतं? तबल्यावर ओला फडका टाकून थाप मारली तर जे होईल ते. पडदा जड झाला, कडेने जखडला, की त्याची थरथर बिघडते. सेन्सर आवाज फेकून लगेच ऐकायला बसतो, पण पडदा स्वतःच अजून थरथरत असेल, किंवा ती थरथर कडक झालेल्या फटीतून बंपरमध्ये जाऊन परत येत असेल, तर सेन्सरला तोच प्रतिध्वनी वाटतो. तोही अगदी जवळून आलेला! मग गाडी सांगते, मागे हातभर अंतरावर काहीतरी आहे. सलग, न थांबणारी पीं म्हणजे बहुधा हाच प्रकार. पडद्यावर पाण्याचा थेंब लोंबत असला तरी असंच होतं. थेंबात शिरलेला आवाज पाणी आणि हवा यांच्या सीमेवरून जवळजवळ पूर्ण परत फिरतो, हवेत शिरत नाही. थर फार जाड असला तर दुसरी गत होते. आवाज बाहेरच पडत नाही, प्रतिध्वनी येत नाही, आणि सेन्सर ठरवतो की मागे रान मोकळं आहे.

या दोन खोटेपणांत माझ्या मते फार मोठा फरक आहे. विनाकारण ओरडणारा सेन्सर डोकं उठवतो, पण नुकसान करत नाही. गप्प सेन्सर नुकसान करतो. आणि लोक करतात काय? ओरडणाऱ्याला वैतागून डॅशबोर्डवरचं ‘पी’ लिहिलेलं बटण दाबून तो बंद करतात, आणि मग महिनाभर तो बंद आहे हेच विसरतात. यांत्रिक पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्यांना ही सवय विशेष. तिथे लोखंडी ताटाच्या कडा आणि खांब इतके जवळ असतात की सेन्सर प्रत्येक वेळी किंचाळतो, आणि त्याचं चुकतही नसतं.

दुरुस्तीकडे वळण्याआधी कोणता सेन्सर बिघडला ते ओळखायला हवं. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा आणि रिव्हर्स टाका. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकवर पाय लागतो, तेव्हा दुसऱ्या माणसाला आत बसवा. गाडीच्या बाजूने मागे जाऊन प्रत्येक सेन्सरवर बोट अलगद टेकवा आणि कान जवळ न्या. मुख्य आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पण प्रत्येक फेकीबरोबर होणारी बारीक टिकटिक ऐकू येते आणि बोटालाही कळते. जिथे टिकटिक नाही तो सेन्सर मेलाय किंवा त्याची वायर गेली. सगळेच टिकटिकताहेत आणि तरी ओरड चालू आहे, तर पुसून बघा. बऱ्याच गाड्या रिव्हर्स टाकताच स्वतःची तपासणी करतात आणि दोष सापडला तर दोन-तीन सेकंदांची एक लांब शिटी देतात. ती अडथळ्याची शिटी नव्हे. तिचा अर्थ गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. ग्लव्ह कंपार्टमेंटमधली ती पुस्तिका एकदा तरी उघडावी.

पुसण्याची पद्धत साधी आहे, पण मुंबईत ती हमखास चुकते. पहाटे गाड्या पुसणारे एकाच बादलीत वीस गाड्यांचं फडकं पिळतात. पाचव्या गाडीनंतर ते पाणी राहत नाही, रबडी होते, आणि हीच रबडी फटीत भरली जाते. पुसणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. महिन्याकाठी जे पैसे आपण देतो त्यात नवं पाणी बसत नाही. सेन्सरपुरतं काम स्वतः करावं. मायक्रोफायबरचा स्वच्छ तुकडा गाडीच्या शाम्पूच्या पाण्यात भिजवून सेन्सरवर पाच-दहा मिनिटं धरून ठेवा. साय मऊ पडली की गोलगोल फिरवून काढा, आणि मग कोरड्या फडक्याने फटीतलं पाणी टिपून घ्या. नख, स्क्रू-ड्रायव्हर, भांड्याची घासणी यांतलं काहीही नको, पडद्यावर चरा पडला की तो कायमचा. सिमेंट पक्कंच बसलं असेल तर ते काढायचं द्रव गाड्यांचं डिटेलिंग करणाऱ्यांकडे असतं. घरचं अॅसिड वापरू नका, रंग जातो. वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याची नळी सेन्सरवर टेकवू देऊ नये, निदान फूटभर लांब ठेवायला सांगावं. आणि दिवाळीआधी मेण-पॉलिश करून घेतलंत तर फटीत पांढरं मेण उरलं नाही ना, ते पाहावं. दिवाळीनंतर अचानक सुरू झालेल्या तक्रारींत हे मेण निघालं तर नवल नाही.

पुसूनही फरक पडला नाही, तर ऋतूला सोडा आणि इतर संशयितांकडे वळा. घाटकोपर किंवा अंधेरीच्या गल्लीत बंपर घासला जाणं हे काही अपूर्व नाही. तो रंगवून आणला की अनेकदा पुट्टीवर पुट्टी, रंगावर रंग, आणि त्याच फटक्यात सेन्सरवरही जाड थर. असा सेन्सर बहिरा होतो. सेन्सर काढून वेगळा, पातळ रंगवायला हवा, आणि हे रंगाऱ्याला आधी सांगायला हवं. नंबर प्लेटचंही बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या महाराष्ट्रातल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवण्यासाठी २०२५ मध्ये मोठी धावपळ झाली. बसवताना पाटी किंवा तिची चौकट वाकून बाहेर आली असेल, तर सेन्सरला ती अडथळा वाटते. तिसरा संशयित उंदीर. उबेला आलेला उंदीर बंपरमागची वायर कुरतडतो, आणि वर्सोवा-मढच्या खाऱ्या हवेत वायरच्या जोडावर हिरवट गंज चढतो, तो वेगळाच. शिवाय एक अदृश्य त्रास आहे. बस-ट्रकच्या एअर ब्रेकच्या फुसकाऱ्यात सेन्सरच्याच पट्टीतला आवाज असतो. साकीनाक्याच्या सिग्नलवर शेजारी बस थांबली आणि सेन्सर क्षणभर चमकला, तर गॅरेज गाठायची गरज नाही.

जुन्या गाड्यांचा प्रश्न निराळा. भारतात १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या प्रवासी कारला रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचा झाला. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत रिव्हर्स टाकला की एखादी करमणुकीची धून वाजायची आणि मागच्याने आपला जीव आपण वाचवायचा, अशी वाटणी होती. त्या गाड्यांना लोक कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात सेन्सर बसवून घेतात. बंपरला भोक पाडतात आणि टिकली दाबून बसवतात. इथे लक्ष द्यायची जागा एकच. बहुतेक सेन्सरच्या पाठीवर वरची बाजू दाखवणारा बाण किंवा खूण असते. ती उलटी झाली, किंवा सेन्सर फार खाली बसला, तर तो रस्त्याचाच प्रतिध्वनी ऐकतो आणि गतिरोधकावरही ओरडतो.

खरीखुरी बर्फाची थंडी आपल्याला भेटते ती एक तर महाबळेश्वरला, नाहीतर टोरांटो-न्यू जर्सीतल्या नातेवाइकांच्या फोनवर. वेण्णा लेकच्या काठी डिसेंबर-जानेवारीत कधीकधी दव गोठतं. शनिवारी अंधेरीहून गेलेली गाडी रविवारी पहाटे पांढरी झालेली असते आणि सेन्सरवर बर्फाचा पापुद्रा. उकळतं पाणी ओतू नका, क्रेडिट कार्डाने खरवडू नका, ऊन वर येऊ द्या. तिकडे परदेशात बर्फासोबत रस्त्यावर टाकलेलं मीठही बंपरवर चिकटतं, तेव्हा तिथली मंडळी बर्फ वितळवणारा फवारा मारतात आणि वरचेवर गाडी धुऊन घेतात.

कॅमेरे आल्यावर हे सगळं सुटेल असं काहींना वाटतं. टेस्लाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अल्ट्रासॉनिक सेन्सर काढून टाकायला सुरुवात केली आणि सगळी भिस्त कॅमेऱ्यांवर ठेवली. त्यांची मुंबईतली शोरूम जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात उघडली. कॅमेऱ्यावरही दव पडतं, पण पडद्यावरचं चित्र धुरकट दिसलं की आपल्याला कळतं आणि बोटाने पुसून घेता येतं. सेन्सर बहिरा झाल्याचं कुठे दिसत नाही. दोन्ही असलेली गाडी बरी, असं माझं मत.

आता, शंभर टक्के धडधाकट आणि चकचकीत पुसलेल्या सेन्सरलाही जे कळत नाही त्याबद्दल. त्याच्या आवाजाची तरंगलांबी हवेत सात ते नऊ मिलिमीटर असते. त्यामुळे बांधकामाची बारीक सळई किंवा सोसायटीच्या गेटची साखळी त्याला अनेकदा सापडत नाही. अगदी वीस-तीस सेंटिमीटरच्या आतलं अंतर त्याला नीट मोजता येत नाही. सेन्सर जमिनीपासून अर्धा-पाऊण मीटर उंच असतो, म्हणून त्याच्या खालचं त्याला ऐकू येत नाही, आणि मऊ लोकर किंवा केस आवाज गिळून टाकतात. हे सगळं एकत्र केलं की थंडीच्या सकाळी एक चित्र तयार होतं. रात्री उशिरा आलेल्या गाडीची ऊब शोधत सोसायटीची कुत्री चाकांपाशी अंगाचं मुटकुळं करून झोपतात. ती बुटकी, मऊ आणि बंपरच्या खाली असतात. सेन्सरच्या लेखी ती तिथे नाहीतच. अंगणात बसून खेळणारं वर्षा-दीड वर्षाचं मूलही साधारण त्या टिकल्यांच्या खालीच राहतं.

वॉचमन मागे उभा राहून ‘आने दो, आने दो’ म्हणतो, तेव्हा त्याला हे सगळं दिसत असतं. वॉचमन नसेल तर गाडीत बसण्याआधी मागून एक चक्कर मारा, टायरखाली वाकून बघा, आणि हातात फडकं असेलच तर त्याच फेरीत सेन्सरही पुसून घ्या.